नॅचेझ ट्रेसवर (अमेरिकेत मिसिसिपीपासून टेनेसीपर्यंत जाणारा रस्ता) फोटो काढायला कोणता महिना चांगला?

एकच ट्रिप जमणार असेल तर नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा धरा. मी मिसिसिपीत राहतो, चारही ऋतूंत या रस्त्यावर कॅमेरा घेऊन फिरलोय, आणि सायप्रस स्वॅम्पला (सायप्रस झाडांची दलदल, माइलपोस्ट १२२) तेव्हा जे दिसतं ते बाकी वर्षात नाहीच, सायप्रसची पानं गळायच्या आधी तांबूस होतात आणि सकाळी पाणी स्थिर असलं की सगळं खाली उलटं उमटतं. उन्हाळ्यात नुसती हिरवी गिचमिड आणि लेन्सवर वाफ. पोर्ट गिब्सनजवळचं विंडसर (जुन्या हवेलीचे अवशेष) मात्र जानेवारीत बघा, १८९० च्या आगीतून उरलेले २३ खांब, झाडं बोडकी असतात म्हणून आभाळावर सुंदर उठून दिसतात. फक्त टेनेसीकडचा रंग आधी, ऑक्टोबर अखेरीलाच येतो, त्यामुळे ४४४ मैल एकाच फेरीत साधायला जाऊ नका.