‘दॅटल टीच यू टू…’ : ‘टू’च्या पुढे येतं ते करायचं की टाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघणाऱ्या सदस्याला इंग्लंडच्या ग्राहकाचा मेल आलाय. हा ग्राहक कोल्हापुरात पाहुणा म्हणून असताना मोबाईलवरचा अंदाज बघून छत्रीशिवाय रंकाळ्यावर गेला आणि चिंब भिजला. मेलमधलं वाक्य (‘दॅटल’ म्हणजे ‘दॅट विल’): ‘दॅटल टीच मी टू ट्रस्ट अ वेदर ॲप.’ सदस्याने अर्थ लावलाय की आता त्याचा ॲपवर विश्वास बसला, आणि उत्तरात ॲपचं कौतुक करायच्या बेतात आहेत.

कृपया तसं उत्तर पाठवू नका. वाक्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: ‘ॲपवर विश्वास ठेवला, घ्या आता!’ उत्तरात एवढं पुरे: ‘सॉरी यू गॉट सोक्ड. नेक्स्ट टाइम, टेक वन ऑफ अवर अंब्रेलाज.’

गोंधळ साहजिक आहे, कारण वाक्यात कुठेही ‘नॉट’ नाही. शब्दाला शब्द लावला तर ‘हे मला विश्वास ठेवायला शिकवेल’ असंच निघतं. पण आपल्या घरात हीच रचना रोज चालते. पोरगं भिजून येऊन शिंकायला लागलं की आई म्हणते, ‘जा अजून पावसात!’ आई काही परत पाठवत नसते. क्रियापद होकारार्थी, अर्थ नकारार्थी, आणि तो कळतो आधी काय घडलंय त्यावरून. इंग्रजी वाक्यही तसंच ऐकायचं. मिसळीवर हौसेने जादा कट मागवून नाकाडोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पाहुण्याला आपण ‘घे अजून कट!’ म्हणतो, तिथे इंग्रज म्हणेल, ‘दॅटल टीच यू टू आस्क फॉर एक्स्ट्रा कट.’

मात्र हे वाक्य दर वेळी उलटं नसतं, खरी मेख तिथे आहे. समजा, महाद्वार रोडवर गाडी लॉक न करता लावली आणि ती चोरीला गेली. त्यावर ‘दॅटल टीच यू टू लीव्ह इट अनलॉक्ड’ म्हणता येतं, आणि ‘दॅटल टीच यू टू लॉक इट’ असंही म्हणता येतं. दोन्हींतला सल्ला एकच: लॉक करत जा. ओळखायचं असं. ‘टू’च्या पुढची गोष्ट त्या माणसाने केली होती का? केली असेल आणि अंगाशी आली असेल, तर अर्थ उलटा घ्या. करायची राहिली म्हणून फटका बसला असेल, तर सरळ घ्या. ‘टू’च्या जागी ‘नॉट टू’ आलं, तर प्रश्नच उरत नाही: ‘दॅटल टीच यू नॉट टू लीव्ह इट अनलॉक्ड.’ स्वतः लिहिताना शंका वाटली तर हेच वापरा. ठसका थोडा कमी होतो, पण गैरसमज होत नाही.

एक छटा विशेष लक्षात ठेवा. चांगलं काम करायला जाऊन त्रास झाला, तर माणूस म्हणतो, ‘दॅटल टीच मी टू बी हेल्पफुल.’ याने मदत करणं सोडलंय असं समजू नका. ते वैतागून बोलणं असतं, आपल्या ‘करा अजून मदत!’सारखं.

कुणी कुणाला म्हणायचं, यावर सगळं अवलंबून आहे. स्वतःबद्दल, म्हणजे ‘टीच मी’, हे जवळपास कुठेही चालतं. ग्राहकाने वापरलं तेही तसंच. ‘टीच यू’ मात्र मित्र, भावंडं, रोजचे सहकारी यांच्यापुरतं, तेही नुकसान किरकोळ असेल तेव्हाच. पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलंय, त्यांना नदीकाठी राहण्यावरून हे ऐकवणं म्हणजे जखमेवर मीठ. साहेबाला, ग्राहकाला, तक्रारीच्या उत्तरात, अर्जात अजिबात नाही.

जवळचे प्रयोग वेगळे आहेत. ‘सर्व्ह्ज यू राइट’मध्ये ‘तुझी तीच लायकी’ असा निवाडा असतो, त्यामुळे ते जास्त लागतं. ‘आय विल टीच यू टू स्टील!’ ही तर उघड धमकी: ‘चोरी करतोस काय, थांब दाखवतो तुला!’ अमेरिकन बोलण्यात ‘ही गॉट स्कूल्ड’ म्हणजे समोरच्याने त्याला खेळात किंवा वादात पुरतं निष्प्रभ केलं. शाहू स्टेडियमवर एखाद्या बचावपटूला आघाडीवाल्याने तीनदा चकवलं, तर हे चपखल बसेल.

मुलाखतीला जाणाऱ्यांनी ‘टीच समवन अ लेसन’ जपून वापरावं. ‘माय फर्स्ट बॉस टॉट मी अ लेसन’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला वाटेल, साहेबाने चांगली अद्दल घडवली. मराठीत ‘धडा शिकवला’ म्हटल्यावर जे होतं तेच. कौतुक करायचं असेल तर ‘आय लर्न्ड अ लॉट फ्रॉम माय फर्स्ट बॉस’ म्हणा.

बोलताना ‘दॅट विल’ सुटं म्हणू नका, ‘दॅटल’ असं जोडून म्हणा आणि जोर ‘टीच’वर द्या. नुसतं ‘दॅटल टीच यू!’ एवढंही पूर्ण वाक्य आहे. कधी ‘दॅटल लर्न या’ (‘या’ म्हणजे ‘यू’) असं ऐकू येतं. ते व्याकरणाला धरून नाही, लोक ते मुद्दाम गावरान ढंगात म्हणतात. ऐकून समजून घ्या, पण स्वतःच्या लिहिण्यात आणू नका, कारण परक्या भाषेत लिहिणाऱ्याने ते वापरलं की चूक म्हणूनच वाचलं जातं.