ईएफआय गाडीचं टायमिंग लावताना एवढंसं वायरचं तुकडं विसरू नका

प्रश्न: माझी १९९६ ची कोरोला आहे, ४ए-एफई इंजिन. टायमिंग बेल्ट बदलल्यावर मिस्त्रीने टायमिंग लाइट लावून १० डिग्रीला टायमिंग (स्पार्क कधी पडायचा ते) लावलं, मी शेजारी उभा राहून बघितलंय. पण तेव्हापासून पिकअपच गेलं, चढाला सारखा गिअर खाली टाकावा लागतो. काय चुकलं असेल?
– एक वाचक, मस्कत

उत्तर: दादा, १० डिग्री आकडा बरोबर आहे हो, पण तो कधी बघितला ते महत्त्वाचं. कार्ब्युरेटरच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) फिरवला की झालं, तुमच्यासारख्या ईएफआय गाडीत (पेट्रोल कम्प्युटर फवारतो अशा) मात्र आयडलला, म्हणजे पाय सोडून इंजिन नुसतं चालू असताना पण कम्प्युटर स्वतःचं अॅडव्हान्स त्यात घालत असतो, म्हणजे स्पार्क आणखी लवकर देतो. मिस्त्रीने ते धरून १० केलं असणार, म्हणजे खरं बेस टायमिंग (कम्प्युटरची भर सोडून मूळचं) १० च्या बरंच मागे गेलं आणि मग वरच्या आरपीएमला पण सगळं तेवढंच मागे राहतं. पिकअप तिथेच गेलं. कानाने लावणाऱ्यांचं पण असंच फसतं, कारण डिस्ट्रिब्युटर फिरवला तरी कम्प्युटर आयडल सांभाळून घेतो, आवाजात फारसा फरक कळत नाही.

आता असं करा. इंजिन चांगलं गरम होऊ द्या, एसी बंद, गाडी न्यूट्रलला. बॉनेटखाली डायग्नोसिस लिहिलेली छोटी डबी आहे, तिच्या झाकणाच्या आतच पिनांची नावं असतात, त्यातल्या टीई१ आणि ई१ वायरच्या तुकड्याने जोडा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागेल, घाबरू नका, तसंच व्हायला हवं. आता लाइटची क्लिप १ नंबरच्या प्लग वायरला लावून डिस्ट्रिब्युटर फिरवून पुलीची खाच १० वर आणा, त्याचा बोल्ट आवळा आणि परत एकदा बघा, कारण आवळताना डिस्ट्रिब्युटर हमखास थोडा सरकतो. वायर काढली की खाच १० च्या पुढे जाऊन हलत राहील, म्हणजे कम्प्युटरने ताबा घेतला.

वायर जोडूनही खाच एका जागी थांबत नसेल तर थ्रॉटल सेन्सर (अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते सांगणारा) बघा, पाय सोडल्यावर त्याचा आयडल कॉन्टॅक्ट जुळला नाही तर कम्प्युटर १० वर थांबतच नाही. आणि एवढं करून पण दम आला नाही तर बेल्ट एक दात चुकलाय का ते उघडून बघायलाच लागेल, ते डिस्ट्रिब्युटर फिरवून कधीच निघत नाही.

प्रश्न: माझ्या बीएस६ बाइकचं टायमिंग थोडं पुढे करून मिळेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नाही हो, तिथं फिरवायला काही ठेवलेलंच नाही. पिकअप कॉइल (इंजिन कुठवर फिरलंय ते सांगणारा सेन्सर) जागेवर फिक्स असते आणि स्पार्क कधी द्यायचा ते ईसीयू, म्हणजे बाइकचा कम्प्युटर ठरवतो. ओढ कमी वाटत असेल तर आधी एअर फिल्टर आणि प्लग बघून घ्या.