विचारा बिनधास्त : गाजलेल्या सिनेमाची कादंबरी पुन्हा पडद्यावर आणताना

या वेळी मराठवाड्यातून आलेली बरीच पत्रं एकाच विषयावरची आहेत. हौशी नाट्यमंडळांच्या हातात आता बरा कॅमेरा आलाय आणि डोक्यात एखादी जुनी कादंबरी आहे. अडचण एवढीच की त्या कादंबरीवरचा सिनेमा लोकांच्या मनात आधीच ठाण मांडून बसलाय. म्हणून हे अख्खं पान त्यांना दिलं.

प्रश्न : आम्हाला एका जुन्या ग्रामीण कादंबरीवर आठ भागांची मालिका करायची आहे. तिच्यावरचा सिनेमा आमच्याकडे आजी-आजोबांपासून सगळ्यांना पाठ आहे. ज्याला सांगावं तो म्हणतो, ‘कादंबरीचं वाटोळं करू नका.’ सुरुवात कुठून करावी? (नाट्यमंडळ, परभणी)

उत्तर : असं म्हणणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कादंबरी नसतेच, सिनेमा असतो. पुस्तक शाळेत असताना वाचलेलं, सिनेमा मात्र दहा वेळा पाहिलेला. दोन्हींची मनात खिचडी होते. ती वेगळी केल्याशिवाय पटकथेचं पहिलं पान लिहू नका.

पोस्टकार्डाएवढे तीन रंगांचे कागद घ्या. पुस्तक पुन्हा वाचताना एका प्रसंगाला एक कागद करा आणि त्यावर पान नंबर, कोण, कुठे, काय घडतं एवढंच लिहा. मग सिनेमा थांबवत थांबवत बघा. पुस्तकातही आहे आणि सिनेमातही, तो पांढरा. फक्त पुस्तकातला पिवळा. फक्त सिनेमातला गुलाबी. हे काम दोघांनी मिळून केलं तरी आठवडा जातो, जाऊ द्या. सगळे कागद जमिनीवर क्रमाने मांडले की कळतं, लोकांना सगळ्यांत लाडके असलेले दोन-तीन प्रसंग बहुधा गुलाबी निघतात.

हे सगळीकडे होतं. रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या १९२९ च्या कादंबरीवरच्या १९३० च्या सिनेमात नायक खंदकातून फुलपाखराकडे हात लांबवतो आणि त्याला गोळी लागते. पुस्तकात हा शेवट नाही. तिथे मृत्यूची नोंद अगदी शेवटच्या काही ओळींत, तिऱ्हाईताच्या आवाजात येते. २०२२ च्या जर्मन सिनेमाने फुलपाखराला हात लावला नाही. स्वतःचा वेगळा शेवट केला, युद्धबंदीच्या वाटाघाटींचं नवं कथानक घातलं आणि नायक रजेवर घरी जातो तो महत्त्वाचा भाग गाळला. गाळलं ते बरं केलं नाही, पण उसनवारी केली नाही हे खरं.

‘देवदास’चंही तसंच. शरच्चंद्रांच्या कादंबरीत पारो आणि चंद्रमुखी एकमेकींना भेटत नाहीत. बिमल रॉय यांनी १९५५ मध्ये दोघींना रस्त्यावर एकमेकींसमोरून, एक शब्दही न बोलता जाऊ दिलं. २००२ मध्ये भन्साळींनी दोघींना एकत्र नाचवलं. दोन्ही गुलाबी कागदच, पण ज्याचे त्याने स्वतः लिहिलेले.

तुम्ही करायचं ते असं : जुन्या सिनेमाचे गुलाबी कागद पेटीत बंद. पांढऱ्यांतले जे कणा आहेत तेवढे ठेवा. मालिका उभी राहते ती पिवळ्यांवर. जुन्या दिग्दर्शकाने ते का सोडले ते प्रत्येक कागदामागे लिहा : वेळ पुरला नाही, खर्च परवडला नाही, सेन्सॉरची भीती होती, की प्रसंगच कच्चा होता? पहिल्या तीन कारणांचे कागद तुमचे. चौथ्या कारणाचा कागद मात्र ‘पुस्तकात आहे’ एवढ्यासाठी उचलू नका. मालिकेत चौथ्या ते सहाव्या भागात प्रेक्षक गळतो, त्याचं कारण नेमकं असंच भरताड असतं.

वेळेचा हिशोबही मांडा. २४० पानांची कादंबरी, पानाला २५० शब्द धरले तर ६०,००० शब्द. मोठ्याने वाचायलाच साडेसहा तास लागतात. दोन तासांच्या सिनेमाची पटकथा साधारण १२० पानांची, पानाला एक मिनिट. म्हणजे जुन्या सिनेमाने निम्म्याहून अधिक सोडलेलंच असणार. तुमच्याकडे ४० मिनिटांचे आठ भाग म्हणजे ३२० मिनिटं आहेत. जागा आहे, पण पुरून उरेल एवढी नाही.

प्रश्न : हक्क कोणाकडून घ्यायचे, सिनेमावाल्यांकडून की लेखकाच्या घरच्यांकडून? (पदवीचा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : कादंबरीवरून करणार असाल तर कादंबरीचे. आधी लेखकाचं मृत्यूवर्ष बघा. लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क चालतात. परभणीचे बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०१४ पासून सगळ्यांना मोकळं. मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षं मात्र छापल्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. रा. रं. बोराडे २०२५ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या कुठल्याही कादंबरीसाठी २०८५ अखेरपर्यंत हक्कधारकाची लेखी परवानगी लागणार.

एकाच सिनेमात किती घड्याळं चालू असतात ते ‘श्यामची आई’वरून बघा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून पुस्तक २०११ पासून मोकळं आहे आणि २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी त्यावर नवा सिनेमा केला, तोही कृष्णधवल. पण १९५३ च्या सिनेमातले आचार्य अत्र्यांचे शब्द? अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत थांबा. वसंत देसाईंच्या चाली? ते १९७५ मध्ये गेले, म्हणजे २०३५ अखेर. पुस्तक मोकळं म्हणून सिनेमातला संवाद उचलला की अडकलात. बंगाली किंवा इंग्रजी कादंबरी मराठी अनुवादावरून करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा : मूळ मोकळं असलं तरी अनुवादकाची भाषा मोकळी असेलच असं नाही.

करारात चार गोष्टी नसतील तर सही करू नका : कोणत्या माध्यमासाठी, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशासाठी, किती पैशांत. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, म्हणजे परदेशात दाखवायचं राहिलं. शिवाय वेगळं काही ठरलं नसेल, तर मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही की ते हस्तांतरणच रद्द होतं. हौशी मंडळं इथेच मार खातात. हक्क घेतात, पैसे जमवता जमवता दीड वर्ष जातं आणि करार हवेत. ‘तीन वर्षांत चित्रीकरण सुरू न झाल्यास हक्क परत’ असं स्पष्ट लिहून घ्या. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. पुण्याचा भाऊ हो म्हणाला आणि नांदेडच्या बहिणीला विचारलंच नाही, असं चालत नाही.

हक्क घेतले म्हणजे वाटेल ते करायला मोकळे, असंही नाही. ‘आपका बंटी’वरून ‘समय की धारा’ हा सिनेमा केला तेव्हा कादंबरीच्या लेखिका मन्नू भंडारी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. कादंबरी विकली तरी तिचं विकृतीकरण रोखण्याचा लेखकाचा खास हक्क संपत नाही, असं न्यायालयाने १९८६ मध्ये मानलं. लेखकाच्या पश्चात त्याचे वारस तो सांगू शकतात. म्हणून शेवट बदलणार असाल तर ते करारातच लिहा.

प्रश्न : जुन्या सिनेमातलं एक गाणं पार्श्वसंगीतात दोन ओळी वापरलं तर? (संगीत शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : हक्कांची मुदत संपली नसेल, तर दोन ओळींनाही परवानगी लागते. ध्वनिमुद्रणाची वेगळी, शब्द-चालीची वेगळी. आणि समजा मिळाली, तरी वापरू नका. ते गाणं वाजलं की प्रेक्षक तुमच्या मालिकेतून उठून जुन्या सिनेमात जाऊन बसतो. त्याला परत आणायला तुम्हाला पुढची पाच मिनिटं लागतील.

प्रश्न : कादंबरीत नायिकेच्या मनातलंच जास्त आहे. जुन्या सिनेमात त्यासाठी निवेदन होतं. आम्ही काय करावं? आणि बोली किती ठेवावी? (शिक्षक, उदगीर)

उत्तर : ‘तिला सासरचं घर परकं वाटत होतं’ हे वाक्य घ्या. निवेदनात ते तीन सेकंदांत संपतं आणि विसरलंही जातं. त्याऐवजी असं बघा. रात्र, चिमणीही विझलेली. नवी सून तहान लागली म्हणून उठते. हात चाचपडत आधी उतरंडीवर जातो, मडकं वाजतं. ढेलजेतून सासूचा आवाज येतो, ‘डावीकडं.’ एवढंच. मग चौथ्या भागात, तशाच अंधारात, ती सरळ चालत जाऊन रांजणातून तांब्या भरते आणि सासऱ्याच्या उशाशी ठेवते. घर तिचं झालं हे कुणी सांगायला नको. पुस्तकातल्या मनातल्या प्रत्येक वाक्याला अशी एक वस्तू शोधा : रांजण, किल्ली, चप्पल, जातं. जिथे सापडतच नाही तिथे निवेदन ठेवा, पण एका भागात दोनदाच.

बोलीचं म्हणाल तर ‘लई’ आणि ‘बाप्पा’ पेरले म्हणजे मराठवाडा होत नाही. बोली क्रियापदात असते. ‘काय करायलास?’ ‘जेवायलोय’ हे आलं की लातूर-नांदेडचा माणूस कान टवकारतो. ‘काहून’ परभणी-हिंगोलीकडे जास्त शोभतं. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूची हेल, उदगीरकडे कन्नडची. एका घरातले सगळे सारखे बोलले तरी खोटं वाटतं. आजी, शाळेत गेलेला नातू आणि कचेरीत उर्दूत दरखास्ती लिहिणारे काका यांची वाक्यं वेगळी हवीत. नटाला बोली येत नसेल तर त्याचे संवाद कमी करा. बोलीची नक्कल करायला लावू नका.

प्रश्न : कथा १९४५ ते ४८ ची, निजामाच्या काळातली. जुना सिनेमा कोल्हापूरकडे चित्रित झाला होता, आम्ही मराठवाड्यातच करणार. काय सांभाळावं? (छायाचित्रकार, नांदेड)

उत्तर : ही तुमची सगळ्यांत मोठी जमेची बाजू, आणि सगळ्यांत जास्त चुकाही इथेच होतात.

आधी शेत. आज खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. १९४५ ला ते नव्हतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत चित्रीकरण ठेवा, तेव्हा शाळू, हरभरा, करडई उभी असते आणि ती त्या काळातही होती. मग बांध बघा. पांढऱ्या फुलांचं गाजर गवत आपल्याकडे १९५० नंतर दिसू लागलं. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी चौकटीत येणारा पट्टा उपटून घ्या. नुसतं कापलं तर बुंधे दिसतात. गोठ्यात काळ्यापांढऱ्या संकरित गाई नकोत. नांदेडकडे लाल कंधारी, उदगीरकडे देवणी. प्राणी कॅमेऱ्यापुढे आणायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्या.

घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं हवं. किल्लारीच्या बाजूला शोधण्यात दिवस घालवू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तिथली जाड दगडी भिंतींची माळवदं कोसळली आणि नंतर ५२ गावं नव्या जागी वसली. माळवद सापडलं तर आधी छताचं लाकूड, म्हणजे सर आणि तुळया, कुणा जाणत्या सुताराकडून तपासून घ्या. वर माणसं, दिवे, ट्रायपॉड चढवायचे असतात, आणि वाळवी आतून खाते.

पैसा दाखवाल तेव्हा हाली सिक्का, म्हणजे निजामाचं चलन. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत, आणि सात हाली म्हणजे सहा कलदार. सोलापूरच्या बाजारातून आलेला व्यापारी आणि गावचा सावकार यांच्यात हा बट्टा एका संवादात आला तर काळ उभा राहतो. जिल्ह्याचा मोठा साहेब कलेक्टर नव्हे, तालुकदार. कचेरीवरची पाटी उर्दूत. ‘लातूर जिल्हा’ हा शब्द तोंडी येऊ देऊ नका. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, जिल्हा १९८२ ला झाला. जालना १९८१, हिंगोली १९९९.

स्टेशनचा प्रसंग असेल तर कॅमेरा रुळांवर झुकवू नका. मनमाड-सिकंदराबाद मार्ग तेव्हा मीटरगेज, रुळांत १ मीटर अंतर. आज ते १,६७६ मिलिमीटर. लातूरची बार्शी लाइट रेल्वे तर ७६२ मिलिमीटरची. डब्याचं दार, खिडकी, कंदील आणि वाफेचा आवाज एवढ्यावर गाडी उभी करता येते.

प्रश्न : नवी नायिका जुनीसारखी दिसायला हवी का? (वाचक, हिंगोली)

उत्तर : नको. पुस्तकात लिहिलेल्या वयाची मात्र हवी. जुन्या सिनेमांत सासू हमखास पांढऱ्या केसांची असते. बालविवाहाच्या त्या काळात सासू पस्तिशीची असणं साधी गोष्ट होती. तेवढा एक बदल केला तरी दोघींमधलं भांडण नवं दिसतं.

प्रश्न : पटकथा लिहिताना जुना सिनेमा पाहावा की टाळावा? (नवा पटकथाकार, बीड)

उत्तर : टाळून काय होणार, तो आधीच डोक्यात आहे. बिमल रॉय १९३६ च्या हिंदी ‘देवदास’चे छायाचित्रकार होते. जुनी प्रत त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी टिपलेली होती, तरी १९५५ चा सिनेमा त्यांचा स्वतःचा झाला. कागद करताना एकदा नीट पाहा आणि दुसरा खर्डा होईपर्यंत पुन्हा लावू नका.

खर्डा झाला की दोन वेळा वाचन ठेवा. एकदा जुना सिनेमा पाठ असलेल्या पाच-सहा जणांपुढे, एकदा तो कधीच न पाहिलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांपुढे. मोठी माणसं ‘हे असं नव्हतं’ म्हणतील तिथे खूण करा, पण बदलू नका. मुलं ‘हा कोण?’ किंवा ‘ती का रडली?’ असं विचारतील ती पानं मात्र त्याच रात्री काढा. तिथे तुम्ही स्वतः लिहिलेलं नाही, जुना सिनेमा लोकांना आठवेल या भरवशावर सोडून दिलंय.