वडसा सोडून मुंबई गाठावी का?

प्रश्न : ताई, मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. घरी धानाची शेती. काही हंगामांपासून वडशाच्या नाटक कंपन्यांतून झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या रंगभूमीवर, खलनायकाची कामं करतो. आता मालिकेत जायचं मनात आहे. मित्र म्हणतात, आपली बोली मुंबईत चालत नाही, आवाजही नाटकी वाटतो. नाटक सोडून सरळ निघू का? एक जण ‘रोल पक्का करून देतो’ म्हणून पैसेही मागतोय.

उत्तर : बाबू, आधी शेवटचं. एक रुपया देऊ नकोस. काम देणारा नटाला पैसे देतो, नटाकडून घेत नाही.

आणि नाटक सोडू नकोस. दिवाळीनंतर गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत आज हे गाव, उद्या ते. रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटे पडतो. तालमी फारशा होत नाहीत. विंगेतला प्रॉम्प्टर वाक्य टाकतो आणि आपण ते भावासकट उचलतो. कानाची ही सवय मालिकेत फार कामी येते. तिथेही पानं ऐनवेळी हातात पडतात आणि कॅमेऱ्यामागून सहायक वाक्यं पुरवत असतो. भले भले नट तिथे गडबडलेले मी पाहिलेत. आपल्याकडचा माणूस शांत उभा असतो, याचा मला फार अभिमान वाटतो.

अडचण आवाजाची कमी, मानेची जास्त. आपल्या रंगमंचावर माइक वर टांगलेले. वाक्य आलं की पाय आपसूक माइकखाली जातात, हनुवटी वर होते, नजर पार मागे बसलेल्या माणसावर. मालिकेत माइक छातीवर, कपड्याच्या आत लावलेला, आणि कॅमेरा पुष्कळदा अगदी तोंडासमोर. हनुवटी उचललीस की डोळ्यांतलं काही दिसतच नाही. म्हणून घरी असं कर. मोबाइल खिडकीत उभा ठेव आणि तुझ्याच नाटकातला धमकीचा संवाद म्हण, पण खाटेवर बसलेल्या आईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. आधी आवाजाबरोबर रागही निघून जाईल. तो डोळ्यांत उतरेपर्यंत करत राहा. मग समोरचा बोलत असताना तुझा चेहरा काय करतो तेही बघ. आपण टाळीच्या वाक्याची वाट पाहत उभे राहतो. कॅमेरा मात्र ऐकणाऱ्यालाही टिपत असतो.

बोलीची लाज नको. भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी ‘चला हवा येऊ द्या’मुळे घराघरांत पोचली. प्रमाण मराठी रोज मोठ्याने वाच, दोन्ही तोंडात असू दे.

पैशाचं मात्र नीट समजून घे. मालिकेत दिवसाप्रमाणे मानधन ठरतं, दिवस बारा तासांचा आणि कधी त्याहून मोठा. पैसे हाती यायला बहुतेक ठिकाणी ९० दिवस लागतात. तेवढे महिने खोलीभाडं आणि जेवण निभेल इतकी रक्कम गाठीला असल्याशिवाय गाडीत बसू नकोस. होळीनंतर जा, ऑडिशन दे, काम नाही मिळालं तर धानाच्या रोवणीला परत ये. भूमिका दिवाळीपुढे लांबली, तर वडशाच्या निर्मात्याला पोस्टर छापण्याआधी कळव. मी मालिकेत सासू करत होते तेव्हाही नाटकांच्या तारखा आधीच सांगून ठेवत असे. मंडळाने गावभर आपलं नाव लावलेलं असतं, त्या नावावर तिकिटं खपतात.

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. तिला नटी व्हायचं आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात लोक नावं ठेवतात. आई म्हणून काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही तिच्या बाजूने उभ्या राहा. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती झाडीपट्टीतल्याच कामासाठी, हे बोलणाऱ्यांना सांगा. पदवी मात्र पूर्ण करू द्या. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागतेच. पहिल्या हंगामात शक्य तितक्या प्रयोगांना सोबत जा. मुक्काम कुठे, मेकअपची खोली बायकांची वेगळी आहे का, पहाटे परतीची गाडी कोणाची, हे होकार देण्याआधीच विचारा. आणि मानधन तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करायला सांगा.