४९ म्हणजे 'आय-एल' का नाही?

तुमचा प्रश्न असा: रोमन अंकांची सातही अक्षरं पाठ आहेत, लिहिलेली संख्या वाचता येते, पण स्वतः लिहायला बसलं की ४९, ९९, ४४४ अशा संख्यांपाशी गाडी अडते. नियमांची यादी घोकण्यापेक्षा सोपी रीत आहे का?

आहे. पण आधी एक सांगतो. ४९ ला अडखळण्यात सगळा दोष तुमचा नाही, थोडा मराठीचाही आहे.

शाळेत असताना मी ४९ चक्क 'आय-एल' असा लिहिला होता. (इथे अक्षरं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, कागदावर अर्थातच रोमन मोठी अक्षरं काढायची.) माझा हिशेब मला चोख वाटत होता. पन्नासाचं अक्षर एल, त्याच्याआधी एकाचं आय, पन्नासातून एक गेला, उरले एकोणपन्नास. शब्दातच 'एकोण', म्हणजे एक उणा, असं सांगितलंय की! बाईंनी त्याभोवती लाल गोल केला आणि एवढंच विचारलं, "यात चाळीस कुठे आहेत?" तेव्हा मला प्रश्नच कळला नाही.

त्या प्रश्नाचा अर्थ असा होता, की संख्या तिच्या नावावरून लिहायची नाही, घरांवरून लिहायची. हजार, शतक, दशक, एकक असे तुकडे पाडायचे आणि मोठ्या तुकड्यापासून सुरुवात करून एकेक मांडत जायचं. ४९ म्हणजे ४० आणि ९. चाळीस एक्स-एल, नऊ आय-एक्स, मिळून एक्स-एल-आय-एक्स. वजाबाकी आहेच, पण ज्या त्या घरातल्या घरात. एककाच्या आयनं दशकाच्या घरात घुसून पन्नासातला एक पळवायचा नाही.

गंमत म्हणजे लॅटिनमध्येही ४९ ला 'उन्देक्विन्क्वागिन्ता' म्हणत, शब्दशः 'पन्नासातून एक'. आपला एकोणपन्नासच. तेही बोलताना एक उणा करत आणि लिहिताना चाळीस आणि नऊ वेगळे मांडत. ९९ ला मात्र मराठी तुमच्या मदतीला येते. नव्याण्णवमध्ये नऊ आणि नव्वद दोन्ही ऐकू येतात, म्हणून एक्स-सी आणि मग आय-एक्स. 'आय-सी' नाही.

आता मुख्य रीत. प्रत्येक घराला तीन अक्षरं लागतात: त्या घरातल्या एकाचं, पाचाचं आणि दहाचं. एककासाठी आय, व्ही, एक्स. दशकासाठी एक्स, एल, सी. शतकासाठी सी, डी, एम. एका घराचं शेवटचं अक्षर तेच पुढच्या घराचं पहिलं, त्यामुळे साखळीसारखं लक्षात राहतं. सी आणि एम तर बोलण्यातूनच आठवतात: सी सेंच्युरीतला, एम मिलेनियममधला. एल आणि डी तेवढे घोकावे लागतात, त्याला इलाज नाही.

एककाचे नऊ अंक तुम्हाला येतातच. आय, आय-आय, आय-आय-आय, मग पाचाच्या आधी एक, आय-व्ही, नुसता व्ही, व्हीनंतर एक, दोन, तीन आय, आणि शेवटी दहाच्या आधी एक, आय-एक्स. हाच साचा दशकात आणि शतकात जसाच्या तसा चालतो, फक्त अक्षरं बदलायची. सातशे म्हणजे सातच, पण सी आणि डी वापरून: डी-सी-सी. चारशे म्हणजे सी-डी, चाळीस म्हणजे एक्स-एल, चार म्हणजे आय-व्ही. ओळीनं ठेवले की तुमचं ४४४ तयार. 'तीनपेक्षा जास्त वेळा अक्षर नको', 'व्ही, एल, डी दुबार नको', 'आय फक्त व्ही आणि एक्स यांच्याच आधी' हे नियम वेगळे पाठ करायची गरज उरत नाही, साच्याबाहेर गेला नाहीत तर ते आपोआप पाळले जातात. खरं सांगायचं तर नियमांची यादी आधी आणि साचा नंतर असं शिकवणंच मला उलटं वाटतं.

एक संख्या सावकाश करून बघू, १९९४. कागदावर आधी १०००, ९००, ९०, ४ असं सुटं लिहा. ही पायरी सुरुवातीला गाळू नका, बहुतेक चुका ती गाळल्यामुळेच होतात. हजाराचा एम. नऊशे म्हणजे शतकाच्या घरातला नऊ, तिथलं दहाचं अक्षर एम आणि एकाचं सी, म्हणून सी-एम. नव्वद एक्स-सी. चार आय-व्ही. एम-सी-एम-एक्स-सी-आय-व्ही. घाईत इथे 'दोन हजारातून सहा कमी' असलं काही सुचतं, त्याच्या नादी लागू नका.

शून्याला अक्षर नाही. रिकामं घर सरळ सोडून द्यायचं. २००८ म्हणजे दोन एम आणि लगेच व्ही-आय-आय-आय.

हजाराच्या घरात मात्र साचा अडतो, कारण पाच हजाराला साधं अक्षरच नाही. त्यामुळे सात अक्षरांत ३९९९ पर्यंतच जाता येतं. पुढे डोक्यावर आडवी रेघ देतात, रेघेखालची संख्या हजारपट धरायची. रोजच्या वापरात याची गरज पडत नाही.

घड्याळावर चारासाठी चार उभ्या रेघा दिसल्या तर गोंधळू नका. पुष्कळ तबकड्यांवर चार असाच काढतात, पण लंडनच्या बिग बेनच्या घड्याळावर आय-व्ही आहे. मुळात खुद्द रोमन लोक आपल्या पाठ्यपुस्तकांइतके काटेकोर नव्हते. कलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या दारावर एक्स-एल आणि पुढे चार आय कोरलेले आहेत, म्हणजे एकाच संख्येत चाळीस वजाबाकीनं आणि चार बेरजेनं! इ.स. ९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूटोबुर्गच्या लढाईत मारला गेलेला सेंच्युरियन (रोमन सैन्यातला तुकडीचा अधिकारी) मार्कुस केलियस याच्या स्मारकशिळेवर त्याच्या अठराव्या लीजनचा, म्हणजे सैन्यदलाचा, आकडा एक्स-आय-आय-एक्स असा आहे, कारण लॅटिनमध्ये अठराला 'विसातून दोन' म्हणत. ती शिळा बाईंना दाखवता आली असती तर मीही थोडा वाद घातला असता. पण आज तुम्ही अठरा तसा लिहिलात तर तो चूकच धरला जाईल. एक्स-व्ही-आय-आय-आय असाच लिहा.

सरावाला एक्सेल वापरता येईल. त्यात रोमन नावाचं फंक्शन आहे, त्याला नुसती संख्या दिली की प्रचलित रूप मिळतं. ४९९ दिलेत तर सी-डी-एक्स-सी-आय-एक्स. फक्त संख्येनंतर स्वल्पविराम देऊन आणखी एक आकडा टाकू नका. तिथे ४ टाकलात तर तेच एक्सेल ४९९ चं 'आय-डी' करून देतं. आखूड रूपं देण्याची सोय त्यात मुद्दाम ठेवलेली आहे, आणि शिकणाऱ्याची तिनं हमखास दिशाभूल होते.

आता न बघता १८८८ लिहा. तेरा अक्षरं यायला हवीत. बारा किंवा चौदा आली तर सुट्या तुकड्यांकडे परत जा, बहुधा एखाद्या घरातला आठ नीट उतरलेला नसेल. मग ९४४ करा: सी-एम, एक्स-एल, आय-व्ही.