वाचक विचारतात : माळ्यावरचं नाताळचं झाड

प्रश्न : आमचं प्लॅस्टिकचं झाड बरीच वर्षं वापरात आहे. दरवर्षी ते अधिक विरळ वाटतं, खाली हिरवा चुराही पडतो. टाकून द्यावं का?

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. विरळपणा बहुतेक वेळा मांडणीतला असतो. खोक्यात दाबून ठेवलेल्या काड्या फांदीला चिकटून बसतात, त्या एकेक करून उघडाव्या लागतात. सगळ्यात खालच्या घेरापासून सुरुवात करा आणि प्रत्येक फांदीवर खोडाकडून टोकाकडे या: एक काडी डावीकडे, पुढची उजवीकडे, तिसरी वर. टोकाकडून सुरू केलं तर आत हात शिरत नाही आणि मधला दांडा उघडा दिसत राहतो. काडी मुळापाशी करकचून मोडू नका, हलका बाक द्या. त्याच जागी वारंवार वाकवलेली तार तुटते.

चुऱ्याचं कारण मात्र पीव्हीसीचं, म्हणजे झाडाच्या प्लॅस्टिकचं, वय. त्याला लवचीक ठेवणारी द्रव्यं हळूहळू निघून जातात आणि पाती ठिसूळ होतात. पत्र्याखालच्या तापलेल्या माळ्यावर हे लवकर घडतं. एक पातं दुमडून पाहा. परत सरळ झालं तर झाड चालेल, कट्कन तुटलं तर त्यावर इलाज नाही. जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगं वापरली जात. म्हणून चुरा झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि हात धुवा. घरात रांगतं मूल असेल तर असं झाड आम्ही ठेवणार नाही. ते जाळू मात्र नका, पीव्हीसीच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू असतो.

प्रश्न : बारीक बल्बांच्या जुन्या माळेतले काही बल्ब गेले, तरी बाकीची माळ लागते. तशीच वापरली तर?

उत्तर : वापरू नका. तंतू तुटला तरी बल्बमधली एक बारीक तार वीज पुढे जाऊ देते, पण गेलेल्या बल्बच्या वाटणीचा विजेचा दाब (व्होल्ट) उरलेल्यांवर येतो. २३० व्होल्टवर १०० बल्बची एक ओळ असेल तर प्रत्येकाला २.३ व्होल्ट मिळतात. १० गेले की ९० जणांना २.५ च्या वर. ते जास्त तापतात आणि मग भराभर जातात. प्लग काढून त्याच व्होल्टचा बल्ब बसवा. पूर्ण ओळच बंद असेल तर आधी ढिला किंवा निसटलेला बल्ब शोधा. आणि चंदेरी ॲल्युमिनियमच्या झाडावर विजेची माळ कधीच नको, वायरचं आवरण फाटलं तर अख्ख्या झाडात वीज उतरते.

प्रश्न : मुलांनी लहानपणी केलेले मीठ-पिठाचे तारे मऊ पडलेत. वाचतील का?

उत्तर : बहुधा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. रंगवलेले तारे ओव्हनमध्ये घालू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या, पुड्यांसोबत कडक होईपर्यंत ठेवा. मग वार्निशचे दोन हात द्या, पाठीला आणि दोरीच्या भोकाच्या कडेलाही. ओल आत शिरते ती बहुतेकदा तिथूनच. नवे करायचे तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि वाटीला किंचित कमी पाणी घ्या. जाडी अर्धा सेंटीमीटर ठेवा आणि १०० ते ११० अंशांवर दोन-तीन तास, मधे एकदा उलटून, वाळवा. आच वाढवली की ते फुगतात आणि तडकतात.

प्रश्न : झाडासमोर काढलेले वर्षावर्षांचे फोटो एकत्र मिसळलेत. क्रम कसा लावायचा?

उत्तर : चेहऱ्यांआधी झाड पाहा. कुठली सजावट कधी आली हे घरात कोणाला तरी आठवतं, आणि झाडावरची सगळ्यात नवी वस्तू येण्याआधीचा तो फोटो असू शकत नाही. उलट तर्क मात्र करू नका. एखादी वस्तू दिसत नाही याचा अर्थ ती नव्हती असा होत नाही, ती मागच्या बाजूलाही असेल. जुन्या प्रिंटच्या कडेला छापलेला महिना हा फोटो धुतल्याचा असतो. रोल संपेपर्यंत कॅमेऱ्यात राहत असे, त्यामुळे ‘मार्च’ छापलेला फोटो आदल्या डिसेंबरचा असू शकतो. डिजिटल फोटोंत घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तरी क्रम बहुधा बरोबर असतो. एका फोटोची खरी तारीख नक्की करा आणि घड्याळ पुन्हा लावलं जाईपर्यंतच्या सगळ्या फोटोंना तेवढाच फरक लावा.