‘ईबा’ म्हणजे ‘गेलो’ नव्हे

स्पॅनिशमधील ‘इर’, म्हणजे ‘जाणे’, या क्रियापदाची ‘फुई’ आणि ‘ईबा’ ही दोन्ही रूपे भूतकाळाची आहेत, मग कोणते केव्हा वापरावे, असे एका वाचकाने विचारले आहे. उत्तर शोधताना इंग्रजीच्या वाटेने जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. इंग्रजीत एकदा गेलो तरी ‘वेन्ट’ आणि दर रविवारी जात असलो तरीही बहुधा ‘वेन्ट’च म्हटले जाते, मराठीने हा भेद क्रियापदातच जपला आहे.

‘फुई आल मेर्कादो’ म्हणजे ‘मी बाजारात गेलो’. जाणे घडले आणि संपले. ‘ईबा आल मेर्कादो तोदोस लोस दोमिंगोस’ म्हणजे ‘मी दर रविवारी बाजारात जात असे’, किंवा बोलीत ‘जायचो’. मात्र ‘ईबा’चा आवाका आपल्या रीतिभूतकाळाहून मोठा आहे. ‘ईबा आल मेर्कादो क्वांदो एम्पेसो आ योबेर’ याचा अर्थ ‘मी बाजारात जात होतो, तेवढ्यात पाऊस सुरू झाला’ असा होतो, आणि ‘ईबा आ यामार्ते’ म्हणजे तर ‘मी तुला फोन करणार होतो’. ‘जात असे’, ‘जात होतो’ आणि ‘करणार होतो’ या तिन्ही ठिकाणी स्पॅनिशमध्ये ‘ईबा’ चालते, कारण तिन्हींत बोलणारा भूतकाळातल्या एखाद्या वेळेच्या आत उभा आहे आणि क्रियेचा शेवट त्याने दाखवलेला नाही. स्पॅनिशचे व्याकरणकार आंद्रेस बेल्यो यांनी १८४७ च्या आपल्या व्याकरणात या काळाला ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे जणू ‘सहभूतकाळ’, असे नाव दिले, आणि रूढ ‘अपूर्ण भूतकाळ’ या नावापेक्षा ते मला अधिक नेमके वाटते.

क्रिया दीर्घकाळ चालली की ‘ईबा’ वापरावे, हा समज मात्र सोडून द्यावा. ‘फुई आ एसा एस्क्वेला दुरान्ते दिएस आन्योस’ हे वाक्य अगदी शुद्ध आहे, कारण दहा वर्षांचा तो काळ मोजून बंद केलेला आहे. मराठीतही ‘मी त्या शाळेत दहा वर्षे गेलो’ हेच सहज वाटते, ‘दहा वर्षे जात असे’ कानाला खटकते.

रूपे ईबा, ईबास, ईबा, ईबामोस, ईबाइस, ईबान अशी चालतात. लॅटिनमधील ‘ईबात’मधला ‘ब’ येथे टिकून राहिला आहे, तर ‘तेनीया’ (‘जवळ होते’), ‘बिबीया’ (‘राहत असे’) यांसारख्या रूपांतून तो गळून गेला. या काळात अनियमित चालणारी क्रियापदे ‘इर’, ‘सेर’ (‘असणे’) आणि ‘बेर’ (‘पाहणे’) एवढी तीनच आहेत. शिवाय ‘फुई’चा अर्थ संदर्भानुसार ‘मी गेलो’ किंवा ‘मी होतो’ असा होऊ शकतो, पण ‘ईबा’ आणि ‘सेर’चे याच काळातले रूप ‘एरा’ यांत असा घोटाळा होत नाही.

‘ईबा’ला लिंगही नाही. म्हणून ‘जायचो-जायचे’ या जोडीपेक्षा ‘तो जाई, ती जाई’ हे आपले जुने रूप त्याला अधिक जवळचे आहे. ‘मी’ आणि ‘तो’ किंवा ‘ती’ यांसाठीही ‘ईबा’ एकच असल्यामुळे, संदर्भातून कर्ता कळत नसेल तेथे ‘यो ईबा’ (‘मी’), ‘एया ईबा’ (‘ती’) असे सर्वनाम स्पष्टपणे लिहावे.